गौरींचे गाल

“काढ! आधी तोंडातून काढ तो ब्रश!”

मथुराबाई दारातूनच अशी ओरडली की पद्मजाचा हात हलला आणि मांडीवरच्या गौरीची भुवई कपाळात गेली. पद्मजानं ओठांत धरलेला ब्रश बाहेर काढला, ओल्या बोटानं भुवई पुसली आणि सासूकडं नुसतं पाहिलं. ब्रशाचं टोक ओठांनी ओढून बारीक करायचं, हे तिला ह्याच सासूनं शिकवलं होतं. पाण्यानं टोक फाटतं, थुंकीनं जुळतं, हे वाक्यही मथुराबाईचंच.

“सकाळी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते संध्याकाळपर्यंतही डोक्यात राहिलं नाही का तुझ्या?”

“एवढी जोडी पुरी करते, आत्या. एकीला डोळे आणि दुसरीला नाहीत, असं कसं ठेवायचं?”

“ठेव तशीच. राहू दे आंधळी!”

म्हणाली खरी, आणि लगेच तिनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. भरल्या श्रावणात गौरीला आंधळी म्हणायचं म्हणजे काय! पण तिनं पद्मजाच्या हातातून मुखवटा काढून घेतला तो घेतलाच. सुनेला सहावा महिना सरत आला होता. आधीची दोन गेली होती, पहिलं चौथ्यात, दुसरं सातव्यात. ह्या खेपेला मथुराबाई देवाचीसुद्धा भीड धरायला तयार नव्हती.

कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात त्यांचं ते दोन खोल्यांचं घर. बाहेर ओटा, पहिल्या खोलीत कारखाना आणि आतल्या खोलीत संसार. कारखाना हा शब्द दिगंबरचा, म्हणजे मथुराबाईच्या नवऱ्याचा. कारखान्यात काय, तर साचे, शाडूची पोती, कोरड्या रंगांचे पत्र्याचे डबे आणि बसायला दोन पाट. वर्षभर खेळण्यातली फळं, दिवाळीत किल्ल्यावरची मातीची चित्रं, आणि आषाढापासून गौरींचे मुखवटे. दिगंबर आणि मुलगा श्यामसुंदर साच्यातून मुखवटे काढायचे, घासायचे. रंग मात्र बायकांचा. त्यातही डोळ्यांची आखणी पद्मजाची. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी, माहेरी कधी रांगोळीपलीकडं रंगाला हात लावला नव्हता. पण लग्नानंतर पहिल्याच हंगामात तिनं काढलेले डोळे बघून दिगंबरसारखा खवट माणूस म्हणाला होता, “बरे आहेत.” त्याच्या तोंडून ‘बरे’ म्हणजे फारच झालं.

सकाळी सासू-सुना सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. पद्मजाच्या पोटात कळा यायच्या, पण बाळंतपणाच्या नव्हेत. चेहरा तर पांढराफटक झाला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बाहेर बायकांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. त्यांनी पोट तपासलं, मग टॉर्च लावून तोंड उघडायला सांगितलं, आणि हिरड्यांपाशी थबकल्या. दातांच्या कडेनं एक निळसर रेघ होती.

“काय काम करता?”

“गौरी रंगवतो,” मथुराबाई म्हणाली.

“कशानं?”

“कोरडे रंग असतात. शेंदूर, सफेदा, पेवडी. सरसात कालवायचे.”

“ब्रश तोंडात घालता?”

पद्मजानं सासूकडं पाहिलं. सासूनं छताकडं.

“घरात आणखी कुणाची मुलं अशी गेलीत?”

“माझी तीन गेली,” मथुराबाई म्हणाली. “हा श्याम तेवढा राहिला. आमच्या घराण्यालाच आहे हो ते. नवस झाले, शांत झाली, सगळं झालं.”

“घराण्याला?” डॉक्टरीणबाईंनी टॉर्च खाली ठेवला. “तुम्ही ह्या घरच्या सून, आणि ही तुमची सून. तुमचं दोघींचं रक्ताचं नातं कुठंय?”

मथुराबाईला पुढचं नीट ऐकूच आलं नाही. डॉक्टरीणबाई सांगत होत्या की शेंदूर-सफेद्यात शिसं असतं, ते पोटात जातं, अंगात साठतं, आईच्या अंगातून बाळाच्या अंगात जातं. मथुराबाईच्या डोक्यात एकच घोळत होतं. तिन्ही वेळा सासू म्हणाली होती, तुझी कूस वाईट. दोन्ही वेळा ती स्वतः पद्मजाला तोंडानं नाही, पण मनातल्या मनात तेच म्हणाली होती.

“रंगाचं काम पूर्ण बंद करायचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “आजपासून.”

“वार्निश चालेल का हो? नुसतं वार्निश मारायचं. रंग नाही.”

दारातून पुढची बाई आत डोकावत होती. “उघड्यावर बसून, वास सोसत असेल तर मारा. पण रंग नको म्हणजे नको.”

मथुराबाईनं तो शब्द पदराला गाठ मारल्यासारखा घट्ट धरला.

घरी आल्यावर दिगंबरला सांगितलं, तर तो साचा खरवडता खरवडता म्हणाला, “डॉक्टरीणबाईंनी आयुष्यात कधी गौर रंगवलीय का?”

“त्यांना कशाला रंगवायला हवी?”

“माझी आई ह्याच रंगात बसून म्हातारी झाली. तिला कुठं काय झालं?”

“ती झाली म्हातारी. तिची पोरं किती गेली, ते विचारलंत कधी?”

दिगंबरनं साचा खाली ठेवला. तो आठवं मूल होता आणि घरात एकटाच वाढला होता. मग पुटपुटला, “डोळे कोण काढणार मग?”

“मी काढते.”

“तिरळ्या गौरी न्यायला पुण्यात कोण तयार आहे, ते बघायला हवं.”

पण मथुराबाईनं ऐकलं नाही. दुसऱ्याच दिवशी पद्मजाची आई खडकीहून आली, पोरीला घेऊन जाते म्हणाली. तिलाही मथुराबाईनं हात जोडले. म्हणाली, “विहीणबाई, ऐन हंगाम आहे. मी तिला रंगाला शिवूसुद्धा देणार नाही, माझ्या गळ्याची शपथ. गौरी जाऊ द्या, मग खुशाल न्या.” विहीण भिडस्त होती. डिंकाच्या लाडवांचा डबा ठेवून गेली.

आणि खरंच, मथुराबाईनं शपथ पाळली. पद्मजाचा पाट तिनं खोलीतून उचलून बाहेर ओट्यावर मांडला. पद्मजाची रंगाची लुगडी-पोलकी उकळत्या पाण्यातून काढली. जेवायच्या आधी साबणानं हात धुवायला लावायची, वर वास घेऊन बघायची. दूध जास्तीचं लावलं. दिगंबरच्या चहात पाणी वाढलं, तेव्हा तो म्हणाला, “आता मलाही दवाखान्यात दाखवायला हवं.”

रंगाचं सगळं तिनं अंगावर घेतलं. आधी अंगरंगाचा हात, तो अर्धा वाळून चिकट असतानाच गाल. गौरीचे गाल ओल्या रंगानं होत नाहीत. शेंदरात सफेदा मिसळून मऊ भुकटी करायची, कापसाच्या बोळ्यावर घ्यायची आणि गालांवर हलकी हलकी उडवायची. त्याला ते गाल उडवणं म्हणत. मग डोळे. मथुराबाईचा हात आता पूर्वीसारखा राहिला नव्हता, मनगट मधूनच खाली पडायचं. डाव्या हातानं उजवा धरून ती बुबुळं काढायची. आणि सवयीनं ब्रश ओठाकडं न्यायची, मग थांबायची, आणि मग न्यायचीच. तिचं काय, तिचं सगळं होऊन गेलं होतं.

रंग वाळला की मुखवटा बाहेर पद्मजाकडं. पद्मजाचं काम अगदी सोपं. गालांवर जी सुटी भुकटी राहिलेली असते ती आधी काढायची. कारण ती तशीच राहिली आणि वरून वार्निशचा ब्रश फिरला, तर गाल हनुवटीपर्यंत ओघळतो आणि गौर रडलेली दिसते. फडक्यानं पुसावं तर सगळा गालच निघून येतो. म्हणून मुखवटा दोन्ही हातांत तोंडाशी धरायचा आणि ओठ आवळून बारीक फुंकर घालायची. खरचटलेल्या गुडघ्यावर आई घालते तशी. मग वार्निशचा पातळ हात, की झाली गौर पक्की.

ओट्यावर दुपारचं ऊन यायचं. पद्मजा पोटावर मुखवटा टेकवून एकेकीला फुंकर घालायची, आणि समोरून जाणाऱ्या बाया म्हणायच्या, “काय गं, बरी सुटलीस चिखलातून!” पद्मजा हसायची. तिच्या गालांवर थोडा रंगही आल्यासारखा वाटायचा. खोलीच्या दारातून मथुराबाई ते बघायची आणि तिला बरं वाटायचं. एकदा श्यामसुंदर म्हणालासुद्धा, “आई, तू हिला इतकी जपतेस, मला कधी जपलं नाहीस.” ती म्हणाली, “तू जगलास की मेल्या. जगलेल्याला काय जपायचं!”

पोटातलं पोर फिरत होतं. पद्मजा सासूचा हात धरून पोटावर ठेवायची. मथुराबाई अंग चोरून हात मागं घ्यायची, रंग लागेल म्हणून.

आठवा लागला आणि गौरी आठवड्यावर आल्या, तेव्हा पद्मजाला ओट्यावरच कळा सुरू झाल्या. हातातली गौर तिनं आधी नीट खाली ठेवली आणि मग हाक मारली.

मुलगी झाली. जिवंत झाली. मथुराबाईनं पाहिलं, एवढंसं तोंड, डोक्यावर काळंभोर जावळ. रडलीही, मांजराच्या पिलासारखी. मथुराबाईनं दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटेल त्याला सांगितलं, “मुलगी आहे हो आमच्याकडं!” श्यामसुंदर पेढे आणायला निघाला, त्याला मात्र तिनं थांबवलं. म्हणाली, “उद्या आण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरीला झटके आले. उन्हं उतरायच्या आत ती गेली. श्यामसुंदर आणि दिगंबर तिला गुंडाळून घेऊन गेले.

डॉक्टरीणबाई मथुराबाईजवळ बाकावर येऊन बसल्या. दमलेल्या दिसत होत्या.

“रंग बंद होता ना तिचा?”

“होता हो. डोळ्यांत तेल घालून बघितलं मी. ब्रशाला शिवू दिलं नाही. तुम्ही म्हणालात तसं, बाहेर ओट्यावर बसून नुसतं फुंकायची आणि वार्निश मारायची.”

“काय फुंकायची?”

मथुराबाईनं दोन्ही हात तोंडाशी नेले, मधे मुखवटा असल्यासारखे, आणि ओठ आवळून फुंकर घातली.

“म्हणजे गालावरची भुकटी,” ती समजावून सांगायला लागली. “सुटी असते ना ती. उडून जाते सगळी. रंग नसतोच तो, नुसती…”

आणि ती मधेच थांबली. हात तसेच तोंडाशी राहिले. उडून जाते म्हणजे कुठं जाते?

डॉक्टरीणबाईंनी तिचे हात धरून खाली घेतले. म्हणाल्या, “हे बघा, आधीच अंगात खूप साठलेलं होतं तिच्या. कदाचित काहीच केलं नसतं तरी… नक्की काही सांगता येत नाही.” त्या आणखीही काही चांगलं बोलल्या असाव्यात. मथुराबाई उठली, पदर खांद्यावरून घेतला आणि कसबा पेठेपर्यंत चालत घरी आली. वाटेत तिला कुणी हाक मारली तरी कळलं नाही. आपण बाईला विहिरीपासून लांब न्यायचं म्हणून तिला काठावर नेऊन बसवलं, हे एवढंच तिला कळत होतं आणि ते सोसत नव्हतं.

खोलीत मुखवटे ओळीनं मांडलेले होते. गाल उडवून झालेले, फुंकर आणि वार्निश राहिलेले. मथुराबाईनं बादलीत फडकं भिजवलं, पिळलं आणि पहिल्या गौरीचे गाल पुसले. कोरडा रंग तो, एका हातात निघाला. मग दुसरीचे. मग तिसरीचे.

दिगंबर दारात येऊन उभा राहिला. नुकताच नदीवरून आला होता, धोतर ओलं होतं.

“काय करतेस?”

“दिसतंय ना?”

“अगं, लोक उद्या न्यायला येणार. कारागिराच्या हाताला सुतक नसतं. माझा बाप गेला तेव्हासुद्धा मी…”

“सुतक नाही पाळत मी. गाल उडवणार नाही आजपासून. ह्या घरात कुणी ह्याच्यावर फुंकर घालायची नाही. तुम्ही नाही आणि मीही नाही.”

“बिनगालाच्या गौरी? प्रेताच्या चेहऱ्यासारख्या?”

“हो,” मथुराबाई म्हणाली.

दिगंबर आत आला. वाटलं, फडकं हिसकावून घेतो की काय. पण तो तिच्या शेजारी बसला आणि एक मुखवटा उचलून त्यानं तो तिच्यापुढं धरला.

पद्मजा चौथ्या दिवशी घरी आली. श्यामसुंदरनं तिला रिक्षातून उतरवलं, पाणी ओवाळायला कुणी पुढं आलं नाही, तशी ती आपली आपण आत जाऊन निजली. दुपारी उठली आणि ओट्यावर येऊन पाटावर बसली. घरात बसून करायचं काय? त्या दिवशी खाली ठेवलेला, पुसायचा राहून गेलेला मुखवटा तिनं उचलला, तोंडाशी नेला, ओठ आवळले. मथुराबाईनं झडप घालून तो काढून घेतला.

“काय झालं, आत्या?”

मग मथुराबाईनं सांगितलं. फिरवून नाही, सरळ सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं, आपण काय दाखवलं, सगळं. “मीच बसवलं तुला इथं,” ती म्हणाली. “तुझी आई न्यायला आली होती, तेव्हा मीच ठेवून घेतलं. शिव्या दे मला. मार हवं तर.”

पद्मजानं शिव्या दिल्या नाहीत. ती ओट्याच्या फरशीवर बोट फिरवत बसली. फरशीच्या फटीत तांबूस भुकटी होती, ती तिच्या बोटाला लागली. ते बोट तिनं कितीतरी वेळ पाहिलं.

“ती हसली होती,” पद्मजा म्हणाली. “झोपेत. तुम्ही नव्हता तेव्हा.”

आणि उठून आत गेली.

तेवढ्यात नारायण पेठेतल्या कुसुमताई आल्या. निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडच्या जुन्या मुखवट्यांना दर वर्षी इथंच नवा हात द्यायचा आणि दर वर्षी त्यांनी काहीतरी खोडी काढायची, हे ठरलेलं. मुखवट्यांवरचा कागद काढून त्यांनी चष्मा वर केला.

“अहो मथुराबाई, आमच्या गौरींना कावीळ झालीय का? गाल कुठं गेले?”

“यंदापासून गाल नाहीत.”

“मला न विचारता? वा! उद्या म्हणाल यंदापासून नाक नाही.”

मथुराबाई कागदाची घडी घालत राहिली. ते बघून कुसुमताईंचाही उत्साह मावळला. त्यांनी पिशवीतून खण, नारळ आणि तांदूळ काढले. “बरं, असू द्या. सूनबाईंना बोलवा. ज्या हातानं डोळे काढले, तिची ओटी भरल्याशिवाय मी गौर उचलत नाही.”

“यंदा राहू द्या.”

“ते का? तिचे दिवस भरत आले असतील. आता तर भरायलाच हवी. पद्मजा! अगं ए पद्मजा!”

पद्मजा बाहेर आली. वडीलधारी बाई हाक मारते म्हणून आली आणि सवयीनं पदर पुढं पसरून उभी राहिली. पदर निघाल्यावर दिसलं. पोट सपाट होतं आणि पोलकं छातीपाशी दोन्हीकडं दुधानं भिजलेलं होतं.

कुसुमताईंची तांदळाची मूठ हवेतच राहिली.

“कधी?” त्यांनी विचारलं.

“सोमवारी.”

कुसुमताई दुष्ट नव्हत्या. त्यांचा चेहरा पार उतरला. पण सुतकात ओटी भरायची नसते, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं होतं. त्यांनी तांदूळ, नारळ, खण सगळं हळूच ओट्यावर ठेवलं, पद्मजाला शिवलं जाणार नाही अशा बेतानं. गौरी उचलल्या, कागदात गुंडाळल्या आणि चष्मा पुसत निघून गेल्या. पद्मजा पदर पसरून तशीच उभी होती, आता मागं घ्यायचा की नाही हे तिला कळत नव्हतं.

मथुराबाईनं हात बादलीत धुतले, लुगड्याला पुसले. ओट्यावरचे तांदूळ ओंजळीत घेतले आणि पद्मजाच्या पदरात घातले. वर खण ठेवला, नारळ ठेवला. कुंकू लावलं.

“आत्या, सुतक आहे.”

“असू दे. माहेरी जाणाऱ्या मुलीची ओटी भरतात.”

“मी कुठं जातेय?”

“खडकीला. आत्ता. श्याम येईल बरोबर. तोही तिकडंच राहील, तुझ्या वडिलांना म्हणावं त्याला कुठंतरी चिकटवा.”

“आणि परत कधी येऊ?”

“येऊ नकोस.” मथुराबाईनं पदराची टोकं तिच्या हातात दिली. “पुन्हा दिवस राहिले तरी येऊ नकोस. मी मेले तरी येऊ नकोस. पोर झालं, जगलं, चांगलं चालायला लागलं, की मग मला दाखवायला आण. त्या तिथं, रस्त्यावरूनच दाखव. ओट्यावर चढवू नकोस.”

आतून दिगंबर म्हणाला, “आणि डोळे?” त्याचं त्यालाच ते ऐकवलं नाही बहुतेक.

श्यामसुंदरनं ट्रंक आणली. तो आईच्या पाया पडला. पद्मजा वाकायला लागली, तर मथुराबाईनं तिला दंडाला धरून सरळ केलं. तांदूळ सांडू नयेत म्हणून पदराची टोकं दोन्ही हातांत धरून पद्मजा रिक्षात बसली. रिक्षा बोळाच्या तोंडाशी जाऊन वळली.

मथुराबाई आत आली. तिनं नाकातोंडावर ओलं फडकं बांधलं, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि पुढची गौर पुढ्यात घेतली.